‘टॅग लावायचे पैसे घेतले आणि उलट टॅग काढून टाकले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: मेटा टॅगच्या (पानाच्या कोडमध्ये सर्च इंजिनसाठी लिहिलेल्या, वाचकाला पानावर न दिसणाऱ्या ओळींच्या) कामाचे पैसे घेऊन आम्ही दोन टॅग काढूनच टाकले, त्यातला एक कीवर्डचा, आम्ही लिहिलेलं डिस्क्रिप्शन (निकालाखाली दिसावा म्हणून दिलेला पानाचा सारांश) गुगल दाखवत नाही, होमपेजचा नंबर होता तिथेच आहे, सबब पैसे परत करा. हे सगळं दुसऱ्या एका सल्लागाराने तुम्हाला व्ह्यू सोर्स, म्हणजे पानाचा मूळ कोड, उघडून दाखवलं, असंही तुम्ही लिहिलंय. रिव्ह्यू चारचौघांत आहे, तेव्हा उत्तरही इथेच देतो.

दोन टॅग काढले हे खरं आहे. मुद्दाम काढले, आणि कामाच्या रिपोर्टमध्ये दोन्हींची कारणं दिलेली आहेत.

पहिला कीवर्डचा. त्यात स्वल्पविराम देत देत शब्दांची लांबलचक माळ ओवलेली होती, तुम्ही देत नसलेल्या सेवांसकट. १९९० च्या दशकात अल्टाव्हिस्टा, इन्फोसीक अशी सर्च इंजिनं हा टॅग वाचायची. पान कशाबद्दल आहे हे पानाच्या मालकालाच विचारायचं, अशी ती पद्धत. मालकांनी मग जे शब्द लोक जास्त शोधतात ते सगळे भरून टाकले, पानावर त्यांचा पत्ता असो वा नसो. वाचकाच्या डोळ्यांना न दिसणारा मजकूर सर्च इंजिनला चकवायला वापरला जातो, हे गुगलच्या संस्थापकांनी १९९८ च्या त्यांच्या शोधनिबंधातच नोंदवलंय. पुढे सप्टेंबर २००९ मध्ये गुगलचे तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी जाहीरपणे सांगितलं की वेब सर्चच्या रँकिंगमध्ये गुगल कीवर्ड टॅग वापरत नाही.

इतकी जुनी गोष्ट. तरी हा टॅग आजही काम म्हणून विकला जातो, कारण तो दाखवायला सोपा आहे. सोर्स उघडला की शब्द दिसतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. ठेवला असता तर फार बिघडलं असतं का? नाही. फक्त तुम्हाला कोणत्या शब्दांवर यायचंय याची यादी स्पर्धकाला आयती मिळत राहिली असती. व्ह्यू सोर्स त्यालाही उघडता येतो.

दुसरा टॅग रोबोट्सचा, आणि आमच्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं काही झालं असेल तर तो काढणं. तुमच्या सेवांच्या पानांवर त्यात ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान निकालांत दाखवू नका’, असं लिहिलेलं होतं. साइट बनत असताना अर्धवट पानं गुगलमध्ये जाऊ नयेत म्हणून डेव्हलपर हे लावतात, आणि तेव्हा ते योग्यच असतं. साइट सुरू झाल्यावर काढायचं राहून जातं. वर्डप्रेसमध्ये तर सेटिंगमधल्या एका टिकमार्कने ते सबंध साइटला लागतं, त्यामुळे हा प्रकार अजिबात दुर्मिळ नाही. डिस्क्रिप्शन लिहून आपण गुगलला फक्त सुचवतो, नोइंडेक्स मात्र गुगल हुकमासारखं पाळतं. पान कितीही छान लिहिलेलं असो, त्याला कितीही लिंक असोत, टॅग वाचला की ते निकालांतून बाहेर. म्हणजे ज्या सेवांसाठी लोकांनी तुम्हाला शोधावं, नेमकी तीच पानं यादीत नव्हती. तिथे कीवर्डच्या टॅगमध्ये शब्दकोश रिकामा केला असता तरी फरक पडला नसता.

‘धन्यवाद’ पानावर आणि साइटच्या आतल्या सर्चच्या निकालांवर नोइंडेक्स आम्ही जाणूनबुजून ठेवलंय. ती पानं रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येही (सर्च इंजिनने कोणती पानं उघडू नयेत हे सांगणाऱ्या साइटच्या फाइलमध्ये) बंद करा, असं कुणी सुचवलं तर कृपया ऐकू नका. तिथे अडवलं की गुगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, पान उघडतच नाही, मग त्याला आतला नोइंडेक्स दिसणार कसा? बाहेरून कुणी लिंक दिलेली असेल तर नुसता पत्ता निकालांत येऊ शकतो. दोन कुलपं लावल्यासारखं वाटतं खरं, पण त्यातलं एक दुसऱ्याला निकामी करतं. आणि रोबोट्स डॉट टीएक्सटीच्या आतच नोइंडेक्स लिहायची जी युक्ती काही जण सांगतात, ती गुगलने १ सप्टेंबर २०१९ पासून मानणं बंद केलंय.

आता डिस्क्रिप्शन. गुगल ते रँकिंगसाठी वापरत नाही, हे प्रस्तावात लिहिलेलं होतं. निकालाखालच्या दोन-तीन ओळी गुगल प्रत्येक शोधानुसार निवडतं. शोधलेल्या शब्दांना पानावरचं एखादं वाक्य जास्त जुळत असेल तर ते उचलतं, नाहीतर आपलं डिस्क्रिप्शन दाखवतं. तुम्ही जो शब्द टाकून पाहिलात तो डिस्क्रिप्शनमध्ये नाही, पानाच्या मजकुरात आहे, म्हणून मजकुरातली ओळ आली. तुमच्या व्यवसायाचं नाव आणि सेवा एकत्र शोधा, आम्ही लिहिलेलंच दिसेल. आज सकाळी पुन्हा पाहिलं. मग ते लिहायचंच कशाला? निकाल समोर आल्यावर माणूस क्लिक करतो की पुढे जातो, हे बऱ्याचदा त्या ओळींवर ठरतं. आणि डिस्क्रिप्शन नसेल तर गुगल कधीकधी मेनूतले शब्दसुद्धा उचलतं, ते वाचून कोण येणार?

सल्लागाराने डिस्क्रिप्शन ‘आखूड’ आहे असंही म्हटलंय. याला ठरलेली लांबी नाही. स्क्रीनवर मावेल तेवढं दिसतं. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने या ओळी लांबवल्या होत्या आणि मे २०१८ मध्ये पुन्हा आखडल्या. ज्यांनी घाईघाईने सगळी डिस्क्रिप्शनं ताणली त्यांची मेहनत पाण्यात गेली. म्हणून महत्त्वाचं आधी लिहायचं, एवढा एकच नियम आम्ही पाळतो.

टायटलबद्दल, म्हणजे निकालात दिसणाऱ्या पानाच्या शीर्षकाबद्दल, रिव्ह्यूत अवाक्षर नाही याचं नवल वाटलं. काटेकोरपणे पाहिलं तर तो मेटा टॅग नव्हेच, पण राहतो कोडच्या सुरुवातीच्या त्याच हेड विभागात आणि रँकिंगमध्ये त्याला खरोखर वजन आहे. तुमच्या सगळ्या पानांना एकच टायटल होतं. आता प्रत्येकाला स्वतःचं आहे. गुगल तेही कधी बदलून दाखवतं, ऑगस्ट २०२१ नंतर याची बरीच चर्चा झाली. पण सगळीकडे एकच टायटल ठेवायला ते कारण पुरत नाही.

राहिला होमपेजचा नंबर. तुम्ही एकच ढोबळ शब्द, स्वतःच्याच फोनवर शोधून पाहता. निकाल ठिकाणानुसार आणि उपकरणानुसार बदलतात, आणि अशा शब्दावर वर येणं मेटा टॅगच्या आवाक्यातलं नाही. तसं आश्वासन आम्ही दिलेलं नाही, कुणी देत असेल तर ते लेखी मागा. तुमचे आकडे इथे उघड करणं बरं दिसणार नाही, पण सर्च कन्सोल, म्हणजे साइट गुगलमध्ये कशी दिसते हे दाखवणारं गुगलचं साधन, तुमच्याच नावावर आहे. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये सेवांची पानं निवडा आणि टॅग काढण्याआधीच्या काळाशी तुलना करा. तिथल्याच यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पानाचा पत्ता टाकलात तर ते इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या यादीत, आहे की नाही हेही कळतं. सल्लागारांना शेजारी बसवूनच पाहा.

ठरलेलं काम पूर्ण झालंय, त्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत. अडलंय ते पुढचं: सेवांच्या पानांवर जेमतेम दोन-दोन ओळी आहेत, आणि तो मजकूर तुमच्याकडून यायचाय. काय करता, कसं करता, लोक कोणते प्रश्न विचारतात, हे साध्या भाषेत फोनवर सांगितलंत तरी आम्ही लिहून घेऊ. ही उणीव टॅगने भरून निघत नाही.

आणि कीवर्डचा टॅग हवाच असेल तर शब्दांची यादी पाठवा, लगेच लावून देतो. त्याचं बिल होणार नाही. नोइंडेक्स परत मागितलंत तर मात्र लेखी घेऊ.

कळावे.