'सबब' हा शब्द मागे घेते, पण बाकीचं नाही

दादा, 'फिरायला पैसे नाहीत ही सबब आहे' असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट काल रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्यांदा वाचून राग आला आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर बरंचसं पटलं. तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये सातपूरला कॉन्ट्रॅक्टवर काम करतो, घराचा हप्ता, दोन पोरांची फी, 68 वर्षांच्या आईची औषधं, एक खाडा झाला की पगार कापतात, आणि वर मी म्हणते पैसे नाहीत ही सबब आहे; तुमच्या मते फिरणं हे भरल्या पोटाचे चोचले.

खाड्याचे पैसे कापले जातात त्या माणसाला सबब म्हणणं चूक होतं. शब्द मागे घेते. सुट्टीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाहीये, खोटं कशाला बोलू.

पण "ट्रिप म्हणजे किमान 60-70 हजार" हे जे तुम्ही लिहिलंय ना, तिथे मला थांबवावंसं वाटतं. हा आकडा पॅकेजचा आहे, प्रवासाचा नाही. मीही याच आकड्यापायी एकदा हप्त्यावर शिमला-मनाली केलं होतं, एका टूरवाल्यांसोबत, निम्मा वेळ शालींच्या दुकानात गेला आणि हप्ते पुढे वर्षभर फेडले. त्यानंतर आमच्या घरात नियमच झाला, उधारीवर फिरायचं नाही.

आता तुमच्याच घराचा हिशोब करा. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे वहिनी अर्ध्यात. आई 65 च्या वर, त्या अर्ध्यात (75 झाले की फुकट). पोरं 12 च्या आतली असतील तर तीही अर्ध्यात. पाच जणांत पूर्ण तिकीट फक्त तुमचं! महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात कुठेही जा, साडेतीन तिकिटांच्या वर... नाही, तीनच तिकिटांचे पैसे होतात, आत्ता परत मोजलं.

आणि खाडा न करता, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी? नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथलं धरण, 2020 साली महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली ती, आणि नाशिकहून निफाडपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन. गेल्या थंडीत पोराला घेऊन गेले होते. मैत्रिणीची दुर्बीण, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, बस्स. जांभळी पाणकोंबडी पाण्यातल्या पानांवर एकेक पाय उचलून टाकत चालली होती, लाल चोच, निळंजांभळं अंग, लांबच लांब बोटं, आणि आमचं पोरगं जे एरवी पाच मिनिटं एका जागी बसत नाही ते दुर्बीण डोळ्याला लावून श्वास धरून बघत बसलं. मनालीत त्याने असं काहीच पाहिलं नव्हतं.

लांबचं म्हणाल तर आम्ही बँकेत महिन्याला 700 ची आरडी करतो, वर्षाला 8,400 आणि वर थोडं व्याज. पोस्टातली 100 पासून सुरू होते पण ती 5 वर्षांची असते म्हणून बँकेतली. मागच्या वर्षी तेवढ्यात चौघं नाशिकरोडहून स्लीपरने बुऱ्हाणपूर, मग खंडवा आणि तिथून बसने ओंकारेश्वर केलं, उतरलो ओंकारेश्वरलाच, शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या तिथल्या भक्तनिवासात. सासूबाईंना नर्मदा बघायची होती, मला बुऱ्हाणपूर, मुमताज महल 1631 ला तिथेच वारली. रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 होतं, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर त्याच दिवशी सकाळी बसायचं, नाहीतर स्लीपर मिळत नाही आणि तिथूनच खर्च वाढत जातो.

तुमचा महिना 700 सुद्धा सोसत नसेल तर करू नका, मनापासून सांगते, आईंची औषधं आधी. पण नांदूरला थंडी संपायच्या आत जाऊन या. आईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा, कंडक्टर मागतो. दुर्बीण आता माझी स्वतःची आहे, मी सिडकोत राहते, येऊन घेऊन जा, परत करायची घाई नाही.