खिडकीमागच्या निळ्या गोळ्या

मागच्या सोमवारी वर्गाच्या खिडकीमागे, निंबाखाली, शाळेत दर सोमवारी वाटतो त्या लोहाच्या अकरा निळ्या गोळ्या सापडल्या. मोजल्या मी. काही चघळून थुंकलेल्या, बाकीच्या तशाच्या तशा.

पोरींना झापायच्या तयारीतच होतो. तेवढ्यात सातवीतली एक हळूच म्हणाली, "सर, गोळी खादी का मयमय व्हस."

मयमय म्हणजे मळमळ. होणारच! कापूस वेचणीचे दिवस. आई उजाडायच्या आत शेतात, पोरगी चहा-टोस्टवर शाळेत, आणि मी हुशार मास्तर प्रार्थना झाली की लगेच गोळी वाटतो. ६० मिलिग्रॅम लोह, रिकाम्या पोटी. खिचडीनंतर द्यायची असते, आणि संडास काळी झाली तर घाबरायचं नसतं, हे मला आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनं सांगितलं. लसीकरणाला आल्या होत्या, दोन मिनिटं थांबल्या, तेवढ्यात काम झालं.

नर्सची अशी दोन मिनिटं शाळेला दर आठवड्याला का मिळू नयेत? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स असतात. काम चांगलं आहे, हृदयाला छिद्र असलेल्या पोरांची ऑपरेशनं यातून फुकट होतात. पण शाळेला गाडी वर्षातून एकदा. दुपारी ती जाते, मागे उरते चिठ्ठी. आमच्या एका पोराची चष्म्याची चिठ्ठी आठ महिने दप्तरातच होती. जळगावला न्यायचं म्हणजे बापाची दिवसाची मजुरी बुडते. तोवर पोरगा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत राहिला आणि मी त्याला कॉपीबहाद्दर म्हणत राहिलो.

न्यूयॉर्कात १९०२ साली हेच होतं. डॉक्टर खरूज, उवा, डोळे आलेली पोरं तपासून घरी धाडायचे, पुढचं कुणी बघायचं नाही. मग लिना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळा दिल्या. ती औषध लावून द्यायची, घरी जाऊन आईला दाखवायची. पोरं वर्गात परतली.

आपल्याकडे तर सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. २०२३ पासून तपासणीची मोहीम जोरात आहे, कार्डं मिळतात. ते कार्ड शाळेत वाचणार कोण? पाणी कमी पडलं, थंडी लागली, फार पळवलं की या पोरांची हाडं ठणकतात. आपण खेळाच्या तासाला म्हणतो, "नाटकं करू नको."

आणि पाळीचं दुखणं सातवी-आठवीची पोरगी माझ्यासारख्या मिशाळ मास्तरला सांगेल का?

माझं मागणं एवढंच: केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, शाळा मिळून एक नर्स, प्रत्येक शाळेचा वार ठरलेला. हे काम पुन्हा उपकेंद्राच्या सिस्टर किंवा आशाताईंच्या डोक्यावर नको, त्या आधीच वाकल्यात. वेगळं पद हवं. आणि कृपा करून आम्हाला आणखी एक ऑनलाइन फॉर्म देऊ नका.

या सोमवारी गोळ्या खिचडीनंतर वाटल्या. सुटीत खिडकीमागे जाऊन आलो. दोनच होत्या. त्यातली एक आमच्या मॉनिटरबाईंची. पोट भरलेलं होतं, पण त्यांना म्हणे चवच आवडत नाही.