बिचाऱ्या टर्कीला कशाला बोल लावता?

आज भिशीत एका मैत्रिणीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "टर्की म्हणजे नुसता चोथा गं. त्यापेक्षा आपला ब्रॉयलर बरा." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्या जणींनी टर्की फोटोतसुद्धा धड बघितलेली नाही. मी विचारलं, शिजवलीस कशी? तर म्हणे, "कुकरला लावली, आठ शिट्ट्या. मोठा पक्षी, कच्चा राहील म्हणून परत चार." घर तिचं होतं म्हणून तिथं गप्प बसले. आता घरी आलेय, आमचे हे घोरतायत, आणि मला काही राहवत नाही.

बारा शिट्ट्या! बारा शिट्ट्यांत शेवग्याची शेंग काय, शेवग्याचं झाड शिजेल!

कुकरच्या आत 120 अंशांच्या आसपास जातं. टर्कीच्या छातीचं मांस 70 च्या पुढं गेलं की आवळायला लागतं आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकतं. पाणी गेलं रश्श्यात, ताटात उरला दोरा. आणि वर नावं कुणाला ठेवायची? त्या बिचाऱ्या पक्ष्याला!

आमच्या भाऊजींनी मिरजेकडच्या शेतात कोंबड्यांबरोबर टर्कीही पाळल्यात. हौस, दुसरं काय. गेल्या 31 डिसेंबरच्या आधी त्यातली एक मादी, साफ करून चार किलोच्या वर भरलेली, माझ्या ओट्यावर आली. मामंजींनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्याचा रस्सा किती जणांना पुरंल?" आमच्याकडं कोंबडी आली म्हणजे रस्सा, दुसरा विचारच नाही. मी म्हटलं, मामंजी, उद्या रस्सा नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून निघूनच गेल्या.

खरी करामत आदल्या रात्रीची. मीठ. किलोमागे 10 ते 12 ग्रॅम, काट्यावर तोलून, अंदाजपंचे नाही. कातडीखाली हात घालून छातीवर चोळायचं, तंगड्यांना चोळायचं, आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उघडंच ठेवायचं. आधी पाणी सुटतं. घाबरू नका. तेच खारं पाणी रात्रभर परत आत मुरतं, मांस सैल करतं, आणि मग विस्तवावर ते मांस आपलं पाणी धरून ठेवतं. दही, आलं-लसूण लावा की, मी नको कुठं म्हणतेय? पण ते वरच्यावरच राहतं. खोलवर जातं ते मीठ. भाजताना वरून चमचा चमचा लोणी सोडत बसतात ना व्हिडिओत, त्यानं कातडी दिसायला छान होते, आतलं मांस होतं तसंच राहतं.

आता अख्खी भाजायची का? आमच्या ओटीजीत ती मावेचना. मी सरळ कापली. छाती हाडासकट एकीकडं, तंगड्या दुसरीकडं. भाऊजींचं तोंड उतरलं, त्यांना फोटो टाकायचा होता. टाका की कापलेलीचा! अहो, छातीला 70-74 पुरे होतात आणि तंगडीला 80 च्या वर लागतात, तिच्यातल्या चिवट शिरा त्याशिवाय विरघळत नाहीत. दोघींना एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळेला कोंबलं की एकीचा बळी ठरलेला, आणि तो नेहमी छातीचा जातो. तंगड्या मी जाड बुडाच्या पातेल्यात, कांदा-लसूण मसाला लावून, थोडं पाणी, वर झाकण, बारीक गॅसवर दोन तास सोडून दिल्या. छातीला लोणी, मिरी, लसूण आणि आपली हळद. मसाला तिला अगदी शेवटी, नाहीतर ओव्हनमध्ये करपून कडू होतो.

आणि थर्मामीटर. जाड भागात, हाडाला लागू न देता. काटा 71 ला आला की बाहेर. अमेरिकेत सरकारच 74 सांगतं, ते मलाही ठाऊक आहे, कच्चं मांस मी कुणाला वाढत नाही. पण झाकून अर्धा तास ठेवलं की बाहेरची गरमी आत सरकते आणि काटा आपोआप तिथवर येतो. परत टोचून बघायचं. नसेल आला तर परत ओव्हनमध्ये.

तो अर्धा तास! त्या अर्ध्या तासात आमच्या घरचे पुरुष कसे वागले ते लिहिलं तर उद्या मला माहेरी जावं लागेल. मामंजी ताट घेऊन बसलेले. "झालं नव्हं? मग वाढा की!" ह्यांनी तर सुरी घेतली हातात. कुणाला धीरच नाही. गरम गरम कापलं की सगळा रस पाटावर, आणि मग "कोरडं झालंय जरा" म्हणायला पहिले हेच.

हे लिहिताना त्या मैत्रिणीचंच घर डोळ्यासमोर येतंय. तिला कोण अर्धा तास थांबू देतंय? एका बाजूला पोरांचा अभ्यास, एका बाजूला सासऱ्यांच्या गोळ्या. ती शिट्ट्या दुसऱ्या खोलीतून मोजते, कारण ओट्यापाशी उभं राहायला तिला सवड नाही. म्हणून कुकर. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या घरी येऊन मी करून देते, तिनं फक्त फ्रीजमध्ये जागा करावी.

पण ती दुसरी, जी म्हणाली "ही अमेरिकेची थेरं आपल्याला कशाला", तिच्यावर आहे! बाई गं, 1612 साली जहांगीर बादशहाच्या सरदारानं, मुकर्रब खानानं, गोव्याहून आणलेल्या नवलाईत टर्की होती, आणि जहांगीरनं आपल्या दरबारी चित्रकाराकडून, मन्सूरकडून, तिचं चित्र काढून घेतलं. तुझ्या रश्श्यातली मिरची, कुटातला शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका, सगळे त्याच अमेरिका खंडातून आलेत. ते चालतात. टर्की तेवढी परदेशी!

महाग पडते, मान्य. आणि रश्श्याला गावठी कोंबड्याची सर नाही, हेही मान्य, पुढं चला.

मामंजींचं राहिलं. छातीचे तुकडे त्यांनी खाल्ले, परत मागून खाल्ले, आणि हात धुताना म्हणाले, "बरं होतं. रस्सा पाहिजे होता." दुसऱ्या दिवशी मी उरलेली हाडं कांदा, आलं, मिरी घालून तीन तास उकळली आणि त्या पाण्याचा तांबडा रस्सा केला. तेव्हापासून गल्लीत सांगत फिरतात, आमच्या सूनबाईंचा टर्कीचा रस्सा खाऊन बघा. भाजलेल्या छातीचा शब्द नाही!

मिठाचं गणित विचारा, कापायची कशी विचारा, सगळं सांगेन. थर्मामीटर मात्र मागू नका. जाऊबाईंनी दिवाळीत पाक बघायला म्हणून नेलाय, तो अजून परत आलेला नाही. त्यांनी हे वाचलं तर बरंच आहे.