ससून डॉकच्या भिंतींबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुंबईतल्या भित्तिचित्रांवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली: भिंती रंगवणं हा हौशी श्रीमंतांचा खेळ, असा तिचा सूर. नाव दिलेलं नाहीत, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणतो.

आधी चूक कबूल करतो. कुलाब्याचं मासळीबंदर, ससून डॉक, १८७५ चा, माझ्याकडून १८५७ पडलं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तुमचं ते वाक्य: "तुमच्यासारख्यांना मासळीचा वास सहन होत नाही, पण मासळीवाली भिंतीवर हवी असते." तुमच्यासारख्यांना म्हणजे कोणासारख्यांना? आपली भेट नाही, ओळख नाही. न भेटलेल्या माणसाने नाक मुरडलेलं तुम्हाला दिसलं कुठून? दोन दिवस हा शब्द डोक्यातून गेला नाही. मतभेद असू देत, पण ही बोलायची रीत नव्हे.

माझे वडील पेंटर होते. वर्षभर दुकानांच्या पाट्या आणि पावसाळ्यात होड्या. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, आणि नारळी पौर्णिमेच्या आत प्रत्येकीला रंगाचा नवा हात देऊन नाव पुन्हा लिहून हवं असायचं. आठवीपासून मी त्यांच्याबरोबर दोरा धरायला जायचो. दोऱ्याला नीळ फासायची, दोन्ही टोकं ताणायची. बाबा मधोमध चिमटीत धरून सोडायचे, की लाकडावर सरळ रेघ. अशा दोन रेघांच्या मध्ये 'एकवीरा आई'. वेलांटी ओली असताना सर आली की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. मजुरीबरोबर कधी सुके बोंबील मिळायचे. बाबांच्या सदऱ्याला टर्पेंटाइन आणि मासळीचा मिळून असा वास यायचा, की आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची. त्या वासात मी वाढलोय. तो मला सहन होतो की नाही, हे तुम्ही सांगू नका.

पुढे फ्लेक्स आलं आणि पाट्यांचं काम बसलं. बाबांचे ब्रश डब्यात वाळून गेले. म्हणून २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी रंगवलेले दादासाहेब फाळके पाहिले, तेव्हा मी रस्त्यापलीकडे अर्धा तास उभा होतो. अख्खी इमारत भरून चेहरा, आणि तो हाताने काढलेला! हा कलावंत सुरुवातीला हरियाणात घरांना चुना मारायचा. तुमच्या प्रतिक्रियेतल्या 'हौशी श्रीमंतांत' त्याला कुठे बसवणार?

आणि २०१७ चा ससून डॉकवरचा कलाप्रकल्प. गोदामांच्या भिंतींवर तिथेच राबणाऱ्या माणसांचे मोठाले फोटो चिकटवले होते. मी गेलो त्या दिवशी एक मावशी डोक्यावरची पाटी खाली ठेवून स्वतःच्या फोटोपुढे उभ्या होत्या. हाताला कोलंबीची सालं चिकटलेली, ती पदराला पुसत मला म्हणाल्या, "माझा काढ की रं, ह्या मोठीसकट." मी काढला. त्यांनी तो मोबाइलवर बोटांनी मोठा करून करून पाहिला आणि शेजारणीला हाक मारली. ती भिंत कोणाला हवी होती, हे त्यांना विचारायला हवं होतं तुम्ही.

रंगकंपन्यांचा पैसा, वाढती भाडी, डॉकवरच्या बायकांसाठी शौचालयं, दोन पावसाळ्यांत उडणारे रंग हे सगळं तुम्ही एका दमात लिहिलंत. रंग उडतात, खरंय. होडीचेही उडतात, म्हणून दरवर्षी लावतात. बाकीचं माझ्या लेखाचा विषयच नव्हतं आणि त्यावर इथे वाद घालायची माझी इच्छा नाही.

पुढच्या वेळी नावानिशी लिहा. आणि डॉकवर यायचं असेल तर कळवा. रविवारी पहाटे पाचला मी मासळी घ्यायला तिथेच असतो.