‘डुप्लिकेट बोल्ट देतात’ या रिव्ह्यूला गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

शनिवारी संध्याकाळी तुम्हाला काउंटरवर पाऊण तास ताटकळावं लागलं आणि आमच्या मुलानं ‘घ्यायचं तर घ्या’ असं उत्तर दिलं, त्याबद्दल माफी मागतो. गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं, हे त्याला सांगितलंय. उशीर झाला तो मात्र तुम्ही ब्रेकचा जुना बोल्ट न आणता मोबाइलवर त्याचा फोटो आणला म्हणून. फोटोवरून आटे मोजता येत नाहीत, चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढावा लागतो. अंदाजानं दिला असता तर पाच मिनिटांत मोकळे झाला असता.

एक स्टार दिलात, राग समजतो. पण ‘10.9 सांगून कच्चा डुप्लिकेट बोल्ट दिला, टॉर्क पाना वाजायच्या आधीच तुटला’ हे तुम्ही सगळ्या नागपूरसमोर लिहिलंय. (10.9 म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा, आणि टॉर्क पाना म्हणजे ठरवलेला जोर आला की टक् वाजणारा पाना.) या दुकानावर आमचं आणि काउंटरवरच्या मुलांचं घर चालतं. त्यामुळे याचं उत्तर जरा लांबणार आहे.

तुटलेला तुकडा तुम्ही रागारागात काउंटरवर टाकून गेलात, तो आम्ही ठेवलाय. हेडवर 10.9 आणि मेकरचा शिक्का स्पष्ट दिसतो. तुटलाय तिथे बोल्ट कमरेत बारीक झालाय आणि तुटलेली बाजू राखाडी, पीळ पडल्यासारखी आहे. पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलीमीटरमध्ये. 1.25 चा पिच गेज टोकाकडच्या आट्यांत चपखल बसतो, पण तुटलेल्या जागेजवळ आणला की बसत नाही, कारण तिथले आटे ताणून लांब झालेत. ठिसूळ किंवा भेगाळलेला बोल्ट असा तुटत नाही. तो न ताणता सरळ कट्कन जातो, आणि आत जुनी भेग असेल तर तेवढा भाग काळपट दिसतो. तुमचा बोल्ट त्याच्या ताकदीच्या शेवटापर्यंत ताणला गेला आणि मग तुटला. आट्यांत ऑइलही आहे.

आता तुमच्याच रिव्ह्यूतला आकडा बघा. ‘ऑइल लावून 110 न्यूटन-मीटरवर कसत होतो, व्हिडिओत तसंच दाखवलंय.’ भाऊ, 110 हा एम 12, म्हणजे 12 मिलीमीटर जाडीच्या बोल्टचा आकडा आहे. तुमच्या कॅलिपर ब्रॅकेटचा, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा कॅलिपर धरून ठेवणाऱ्या भागाचा, बोल्ट एम 10 आहे. फरक 2 मिलीमीटरचाच, पण सोसणारा टॉर्क जवळजवळ पावणेदोन पट बदलतो. एम 10, 10.9 ला कोरड्या आट्यांवर साधारण 70 च्या आसपास पुरतं, आणि त्यातही तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला आकडाच खरा.

त्यात ऑइल. पान्यावर तुम्ही जो जोर लावता, त्यातला ढोबळमानानं निम्मा हेडखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम 10 टक्के. ऑइलनं घर्षण थोडं जरी घटलं तरी ती सगळी बचत त्या 10 टक्क्यांत जमा होते. पाना तोच आकडा दाखवतो, पण बोल्टवरचा ताण तिसऱ्या हिश्श्यानं सहज वाढतो. म्हणून मॅन्युअलमध्ये लावा असं लिहिलेलं नसेल तर आट्यांना ऑइल नाही, ग्रीस नाही. 110 ला लावलेला पाना वाजणार कसा? बोल्ट त्याच्या बराच आधी संपतो. पाना फिरतोय पण जोर वाढत नाही, हाताला मऊ लागतंय, असं झालं की तिथेच थांबायचं आणि तो बोल्ट फेकायचा.

पाकिटातल्या बोल्टच्या आट्यांवर निळा थर होता, तो रंग नव्हे. तो वाळलेला लॉकिंगचा गोंद असतो, आटे फिरताना फुटतो आणि धरतो. एकदाच धरतो. ऑइल लागलं की धरतही नाही. समोरचे आटे वायर ब्रशनं आणि ब्रेक क्लीनरनं साफ करून कोरडे करा, बोल्ट हातानं सरळ सुरू करा, मग पाना लावा आणि मिळाल्यास एक दिवस गाडी उभी ठेवा.

वापरलेला बोल्ट परत का घेतला नाही, याचं कारणही हेच. एकदा कसलेला बोल्ट पाकिटात घालून दुसऱ्याच्या ब्रेकला विकायचा का? किमतीचं म्हणाल तर एका बोल्टचे 85 रुपये पाकिटावर छापलेत. चार बोल्टांचे 340 घेतले, वर एक रुपया नाही.

‘जुने बोल्ट चांगले होते, नवीन घ्यायला लावून लुटलं’ असंही लिहिलंय. सगळे बोल्ट बदला असं आम्ही कोणालाच सांगत नाही. मडगार्डचे, बंपरचे, एअर फिल्टरच्या डब्याचे जुनेच लावा. पण निळा थर असलेले ब्रेकचे बोल्ट, टॉर्कनंतर 90 अंश फिरवून कसायचे इंजिनचे हेडबोल्ट, ठोकून लॉक केलेला ॲक्सल नट, नायलॉनचे लॉक नट, बॉल जॉइंटची स्प्लिट पिन, हे नवीनच लागतं. अंशांवर कसलेला हेडबोल्ट मुद्दाम ताणलेला असतो, दुसऱ्यांदा तितका दाब देईलच याचा भरवसा नाही. आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे कसून जुळवायचा, सैल करून कधीच नाही.

आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो ते. रिव्ह्यूच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की इतवारीतून ‘स्टीलचे’ चार बोल्ट 100 रुपयांत आणले आणि मस्त बसले. तो हार्डवेअरवाला चुकला नाही, तुम्ही मागितलं ते त्यानं दिलं. पण हेडवर ए2-70 लिहिलेलं असेल तर तो स्टेनलेसचा बोल्ट आहे. गंजत नाही, ग्रिलला, गेटला उत्तम. 10.9 चा बोल्ट 900 मेगापास्कल ताणाच्या वर जाऊन कायमचा ताणला जातो, हा 450 लाच. म्हणजे निम्माच. ब्रेक दाबल्यावर ब्रॅकेट जागेवर राहतं ते बोल्टच्या दांड्यामुळे नाही, बोल्टनं आवळून धरलेल्या दाबामुळे. दाब कमी पडला की ब्रॅकेट केसभर सरकतं, प्रत्येक ब्रेकला सरकतं, बोल्ट ढिला होतो आणि थकून तुटतो. हे पहिल्या दिवशी कळत नाही.

दुसरी भीती पिचची. हार्डवेअरमध्ये एम 10 म्हटलं की बहुतेकदा 1.5 चा पिच मिळतो. तुमच्या ब्रॅकेटला 1.25 लागतो. दोन-तीन आटे हातानं जातात, मग अडतात, पुढे पान्यानं रेटले तर ‘बसल्यासारखे’ वाटतात. तसं झालं असेल तर ब्रॅकेटचे आटे गेले समजा. तिथे नवीन 10.9 बोल्टही धरणार नाही, ब्रॅकेटच बदलावं लागेल.

गाडी अजून त्याच बोल्टांवर फिरून राहिली असेल, तर समृद्धीवर 120 नं नेण्याआधी, खरं तर उद्या वर्धा रोडला काढण्याआधीच, चारही काढून बघा. हेडवर काय लिहिलंय ते वाचा, चुंबक लावा. चुंबक चिकटलाच नाही किंवा जेमतेम चिकटला तर स्टेनलेस आहे. हेडवर काहीच लिहिलेलं नसेल तर तो ब्रेकला नकोच. आणि त्या दिवशी लोअर आर्मचे, म्हणजे चाक गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बोल्टही नेले होते, ते चाक लटकतं असताना पूर्ण कसले असतील तर ढिले करून, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा कसा, नाहीतर बुशचं रबर पीळ खाऊन फाटेल.

आमच्याकडून तुटलेल्या बोल्टऐवजी एक बोल्ट बिल न करता देतो. चूक मान्य म्हणून नाही, तुमचे ब्रेक नीट राहावेत म्हणून. टॉर्क पानाही काउंटरवर वापरायला मिळेल. शनिवारच्या गर्दीचं काहीतरी करतोय, आणि पिच-टॉर्कचा एक तक्ता भिंतीवर लावायचा विचार आहे. हे वाचून पटलं तर ‘डुप्लिकेट’ हा शब्द तेवढा काढा. स्टार तुम्हाला वाटतील तेवढे ठेवा.

येताना जुना बोल्ट नक्की आणा. रविवारी दुकान बंद, बाकी दिवशी सकाळी 10 ते रात्री 8.