सॉफ्टवेअर व्हॅलिडेटेड आहे, मग इंटिग्रेशन कशाला तपासायचं?

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, आभार. विषय क्रोमॅटोग्राफीचा: नमुन्यातले घटक वेगळे होऊन आलेखावर (क्रोमॅटोग्रामवर) प्रत्येकाचं शिखर, म्हणजे पीक, दिसतं; सॉफ्टवेअर त्याच्या पायाशी रेघ (बेसलाइन) आखून एरिया मोजतं, तेच इंटिग्रेशन. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सिस्टम व्हॅलिडेटेड (बरोबर चालते हे तपासून सिद्ध केलेली) असताना प्रत्येक पीकची बेसलाइन डोळ्यांनी तपासा असं मी सांगणं म्हणजे मॅन्युअल इंटिग्रेशनला (हाताने बेसलाइन आखण्याला) मोकळं रान देणं, आणि ऑडिटमध्ये नेमकं तेच अंगाशी येतं.

निकाल पास होईपर्यंत बेसलाइन ओढत बसणं ही फसवणूकच, यात दुमत नाही. पण व्हॅलिडेशनने सिद्ध होतं ते एवढंच, की दिलेल्या सेटिंगप्रमाणे सॉफ्टवेअर दरवेळी तेच गणित करतं. ते सेटिंग तुमच्या क्रोमॅटोग्रामला लागू पडतं का, हे त्यातून कळत नाही.

पारंपरिक पद्धतीत सॉफ्टवेअर सिग्नलचा चढ मोजतं. चढ थ्रेशोल्डच्या (आपण ठरवलेल्या किमान पातळीच्या) वर गेला की पीक सुरू, उतार पुन्हा थ्रेशोल्डच्या आत आला की पीक संपलं. थ्रेशोल्ड जास्त ठेवला तर टेलिंग असलेल्या (उतार लांबत जाणाऱ्या) पीकची शेपटी लवकर तुटते, एरिया कमी येतो. फार कमी ठेवला तर नॉइजचेही पीक होतात. (एम्पॉवर या क्रोमॅटोग्राफी सॉफ्टवेअरमधलं ॲपेक्सट्रॅक हे तंत्र सेकंड डेरिव्हेटिव्हवरून, म्हणजे सिग्नलच्या वळणावरून, पीक शोधतं, तिथे प्रश्न वेगळे, पण सेटिंग आपल्यालाच ठरवावं लागतं.)

खरी मेख मुख्य पीकच्या शेपटीवर बसलेल्या अशुद्धीत आहे. समजा मुख्य पीकचा एरिया २०,००,००० आहे. दोन पीकमधल्या दरीतून सरळ खाली रेघ मारली, तर शेपटीचा काही भाग अशुद्धीच्या खात्यात जातो: २,६००, म्हणजे ०.१३ टक्के. तिथेच टँजंट स्किम लावलं, म्हणजे शेपटीच्या कडेने तिरकी रेघ मारून फक्त तिच्या वरचा भाग मोजला, तर १,६००, म्हणजे ०.०८ टक्के. शेपटी आत वळलेली असते आणि स्किमची रेघ तिच्या वरून जाते, म्हणून हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो. आयसीएच क्यू३ए (औषधी द्रव्यांतल्या अशुद्धींची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना) नुसार दिवसाला २ ग्रॅमपर्यंत डोस असलेल्या औषधात अशुद्धी ओळखण्याची (तिची रचना शोधणं गरजेचं ठरण्याची) मर्यादा ०.१० टक्के किंवा १ मिलिग्रॅम, यांतलं जे कमी ते. म्हणजे इंजेक्शन तेच, डेटा तोच, सॉफ्टवेअरही व्हॅलिडेटेड, आणि निकाल मर्यादेच्या दोन बाजूंना!

यातलं काय लावायचं हे मेथड व्हॅलिडेशनच्या वेळीच ठरवा. ओळखीची अशुद्धी माहीत प्रमाणात स्पाइक करा (नमुन्यात मिसळा), कोणत्या पद्धतीने रिकव्हरी (मिसळलेलं परत मोजलं जाणं) बरोबर येते ते पाहा आणि इंटिग्रेशनचे तेच इव्हेंट (सूचना) प्रोसेसिंग मेथडमध्ये लॉक करा. मग स्टँडर्ड आणि सँपल दोन्हींना तीच मेथड. क्वचित मॅन्युअल करावंच लागलं तर एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) परवानगी हवी, कारण लिहिलेलं हवं, मूळ निकाल जपलेला हवा आणि ऑडिट ट्रेल (कुणी, कधी, काय बदललं याची नोंद) दुसऱ्या कुणीतरी तपासलेला हवा.

मी "तपासा" म्हणालो ते या अर्थाने. तपासताना क्रोमॅटोग्राम फुल स्केलवर बघून उपयोग नाही, ०.१ टक्क्याचं पीक तिथे दिसतच नाही. वाय-ॲक्सिस मोठा करा, बेसलाइन आखलेली ठेवा, आणि रिव्ह्यूअरलाही तसाच प्रिंट द्या.