साडेअकराशे गाठी आणि एक मिशी

सरकारी नोकरीच्या तेहतीस वर्षांत मी किती फायली बांधल्या याचा हिशेब नाही. लाल फीत, दोन वेढे, वर एक गाठ. गाठ अशी की साहेबांना ती सुटू नये आणि ऑडिटवाल्यांना ती सोडावीशी वाटू नये. निरोपसमारंभात एक जण भाषणाच्या भरात म्हणाला, “बांधणीत यांचा हात धरणारा कोणी नाही.” निरोपाच्या भाषणातलं काही खरं धरायचं नसतं, हे मी स्वतः पन्नासेक निरोप देऊन शिकलो होतो. तरी धरलं.

मुलगी लंडनला असते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा ती आम्हाला ग्रिनिचला ‘कटी सार्क’ बघायला घेऊन गेली. चीनहून चहा आणायला १८६९ साली बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. आता ते कोरड्या गोदीत उचलून धरलंय, खाली काचेचं छत, आणि तुम्ही चक्क त्याच्या पोटाखालून फिरता. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, एक बाई पुढे झेपावलेली, तिच्या हातात घोड्याचं शेपूट. मुलीने खुलासा केला, की रॉबर्ट बर्न्सच्या एका कवितेतली ही चेटकीण. अंगात आखूड शमीज घालून नाचत असते आणि तिला चोरून बघणाऱ्या शेतकऱ्याचा पाठलाग करताना त्याच्या घोड्याचं शेपूटच उपटते. त्या आखूड शमीजला स्कॉटलंडच्या बोलीत ‘कटी सार्क’ म्हणतात.

“म्हणजे एवढं सोन्यासारखं जहाज,” ही म्हणाली, “आणि नाव काय, तर आखूड झबलं? आपल्याकडे होडीलासुद्धा देवाचं नाव ठेवतात.”

मी मात्र वर बघत होतो. या जहाजाला अकरा मैल दोर आहे असं कळलं. अकरा मैल म्हणजे लोकलने साधारण ठाण्याहून कुर्ला. आणि मी मोठ्याने म्हणालो, “हॅ! बांधायला काय लागतं?”

मुलीने ते ऐकलं. साठीनंतर माणसाने परदेशात मोठ्याने बोलू नये.

वाढदिवसाला मुलीकडून खोकं आलं. आत कटी सार्कच, पण सुटं, आपण जोडायचं. मूळच्या चौऱ्याऐंशी पट लहान, पूर्ण लाकडी. सांगाडा, फळ्या, पॉलिश यात चार महिने गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की भूशाने घरातली कोथिंबीरसुद्धा सागवानी लागायची. पण जहाज उभं राहिलं आणि बरं दिसू लागलं. बघायला आलेले म्हणायचे, “झालंच की!” मीही म्हणायचो, “हो, आता फक्त दोर.” हे ‘आता फक्त’ म्हणजे इमारतीचा सांगाडा उभा राहिल्यावर बिल्डर म्हणतो ना, “आता फक्त फिनिशिंग”, अगदी त्या जातीचं.

अकरा मैलांना चौऱ्याऐंशीने भागलं तर दोनशे मीटरच्या वर दोरा येतो. आमच्या सोसायटीच्या गेटापासून वाण्याच्या दुकानापर्यंत. पण तो सरळ जात नाही. खुंटीवरून निघतो, कप्पीतून वर चढतो, आडव्या काठीच्या टोकाला जातो, दुसऱ्या कप्पीतून परत फिरतो, तणाव्यांना वळसा घालतो आणि भलत्याच खुंटीवर येऊन बसतो. आमच्या कार्यालयात अर्ज असाच फिरायचा. तेव्हा मला त्यात गंमत वाटायची, कारण मी खुंटीच्या जागी होतो.

दोर दोन प्रकारचे. एक काळे, कायमचे. डोलकाठी पडू नये म्हणून मंडपाच्या तणाव्यांसारखे दोन्ही बाजूंनी ताणलेले. दुसरे पिवळट. शिडं नि काठ्या हलवायचे. काळ्यांचं आधी करायचं. प्रत्येक तणाव्याच्या खालच्या टोकाला एक गोल लाकडी चकती असते, तिला तीन भोकं. इंग्रज तिला ‘डेडआय’ म्हणतात, म्हणजे मेलेला डोळा. शेंडी काढलेला नारळ ज्याने बघितला आहे त्याला हे नाव पटणार नाही. हुबेहूब नारळाचं तोंड. एक नारळ वर, एक खाली, आणि त्यांच्या तीन-तीन डोळ्यांतून बारीक दोरी ओवून ताण द्यायचा. माझे नारळ चार मिलिमीटरचे होते. सगळे एका ओळीत, एका उंचीवर यायला हवेत असं पुस्तिका सांगते. माझी ओळ म्हणजे प्राथमिक शाळेची प्रार्थना: पहिले दोन सरळ, पुढचे आपापल्या उंचीने.

शिवाय हे तणावे जोडीजोडीने लावायचे असतात. एक जोडी उजवीकडे, मग एक डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मी वेळ वाचावा म्हणून उजवी बाजू आधी संपवली. डोलकाठी स्वयंपाकघराकडे झुकली. मग डावीकडचे आवळले. ती देवघराकडे झुकली. पुढून ताण दिला तर मागचा तणावा ढिला पडला, मागचा ताणला तर मधल्या डोलकाठीवरचा दोर पोटात वारा भरल्यासारखा लोंबायला लागला. चार भाऊ आणि एक वडिलोपार्जित घर असतं ना, तसं. एकाला खूश करा, तिघे नोटीस पाठवतात.

दोऱ्यावर बारीक लव असते. ती बसावी म्हणून दोरा मेणावरून ओढायचा, तेही मधमाशीच्या मेणावरून. मी बाजारभर फिरलो. मेणबत्त्या मिळाल्या. शेवटी माझ्या आईची फणेरपेटी माळ्यावरून काढली. तिच्या एका छोट्या डबीत कुंकवाखाली लावायचं मेण होतं, चाळीसेक वर्षांचं, वर आईच्या बोटाचा ठसा. मी ठसा सोडून कडेकडेचं मेण वापरलं. दोरा असा काही गुळगुळीत झाला की बास. या सगळ्या प्रकरणात पहिल्या प्रयत्नात जमलेली ही एकमेव गोष्ट, आणि ती आईची होती.

मग आल्या रॅटलाइन्स. उभ्या तणाव्यांवर आडव्या दोऱ्या बांधून खलाशांना चढायला जी शिडी करतात ती. उंदरांचा संबंध नाही, पण बांधणाऱ्याची अवस्था पिंजऱ्यातल्या उंदरासारखी होते. प्रत्येक आडवी दोरी प्रत्येक उभ्या दोराला एकेक क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ, मारून बांधायची. माझ्या जहाजावर एका बाजूला उभे पाच, आडव्या पंचवीस. सव्वाशे गाठी. अशा बाजू सहा. साडेसातशे. वर डोलकाठीच्या दुसऱ्या मजल्यावर आणखी चारेकशे. म्हणजे साडेअकराशे. मी कागदावर हिशेब मांडून हिला दाखवला. सहानुभूती मिळेल असं वाटलं होतं.

“मागच्या अधिकात मी लाख वाती केल्या,” ही फुलवात वळता वळता म्हणाली. “लाख. आणि त्या जळून तरी गेल्या. तीन फूट जागा अडवून नाही बसल्या.”

पहिल्या संध्याकाळी नऊ गाठी झाल्या. त्यातल्या सहा सुटल्या. सातवी सोडवताना उभा तणावाच तुटला. गाठ सैल मारली तर घसरते, घट्ट मारली तर उभे दोर आत ओढले जातात आणि शिडीला कंबर येते. माझ्या पुढच्या डोलकाठीची उजवी शिडी नऊवारी नेसल्यासारखी दिसते. ते नंतर ध्यानात आलं, म्हणून तशीच ठेवली.

आता मिशीचं.

पिवळट दोरांचं काम सुरू होतं. तीन मिलिमीटरच्या कप्पीचं भोक अर्धं वार्निशने बुजलेलं. ते सुईने कोरून काढलं. दोऱ्याचं टोक कडक व्हावं म्हणून त्याला क्षणात चिकटणारा गोंद लावून वाळवायचा, म्हणजे सुईची गरज राहत नाही. ही युक्ती उत्तम आहे. तासाभरात मी तो दोरा लागोपाठ चार कप्प्यांतून ओवला. चार! पाचवीपाशी टोक पिंजलं. पुन्हा गोंद लावला. आणि मग, लहानपणी आजीला सुई ओवून द्यायचो त्या सवयीने, टोक ओठाशी नेलं.

ओठ थोडक्यात वाचला. मिशी नाही वाचली.

परिस्थिती अशी: मिशीपासून वीतभर दोरा, दोऱ्यापासून जहाज. कात्री हिच्या शिवणाच्या डब्यात, डबा आतल्या खोलीत, ही भजनाला. आणि बेल वाजली.

मी जहाज दोन्ही हातांत धरून, त्याला तोंड लावून, कोपराने दार उघडलं. दारात सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जहाजाकडे. एवढ्या जवळून वास कशाचा घेतोय, असं त्यांना वाटलं असावं. पण सेक्रेटरी लोक स्वतःचा विषय सोडत नाहीत.

“अरे वा! जहाज? पण इंग्रजांचं कशाला? आपल्या आंग्र्यांचं गलबत का नाही केलंत?”

मला सांगायचं होतं, की हे आधी सुचवायला हवं होतंत. गलबत आटोपशीर असतं, एखाद-दुसरी डोलकाठी, वारा पडला तर सरळ वल्ही मारायची. कान्होजी आंग्रे इंग्रजांना का आटोपत नव्हते हे मला गेल्या दोन महिन्यांत नीट कळलं होतं: इकडे दोर सोडेपर्यंत तिकडे गलबत येऊन कर वसूल करून गेलेलं असणार. पण वरचा ओठ हलवता येत नव्हता. मी म्हणालो, “हं.”

“बरं, या वर्षी गणपतीच्या मंडपाचं काम तुम्ही बघाल ना? रिकामेच असता.”

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. करून बघा, मिशीला जहाज बांधलेलं असताना मान आडवी हलवता येत नाही. तोंडातून निघालं ते फक्त “हं, हं.”

“छान!” म्हणून ते गेले.

पाऊण तासाने ही आली. चप्पल न काढता तिने सगळं पाहून घेतलं, आत गेली, कात्री आणली आणि दोऱ्याला लावली.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, “दोरा नको! चार कप्प्या ओवल्यात! मिशी काप!”

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्याकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं. मिशी कापली. एकीकडची. दुसरीकडची मीच उतरवली.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा या जहाजाबद्दल वाचत बसलो. १८७२ साली ‘थर्मोपायली’ नावाच्या जहाजाशी शांघाय ते लंडन शर्यत लागली असताना भर समुद्रात कटी सार्कचं सुकाणूच तुटून गेलं. खलाशांनी हलत्या डेकवर, वाऱ्यात, होती ती लाकडं-लोखंड जोडून दुसरं सुकाणू केलं आणि चहा लंडनला पोचवला. शर्यत हरली, पण फक्त आठवडाभराच्या फरकाने. मी दिवा मालवला. माझ्या डेकला ना लाटा ना वारा. पंखासुद्धा मी बंद करून बसत होतो.

मासळीवाल्या मावशी दर बुधवारी येतात, चेंदणी कोळीवाड्याच्या. हिच्याशी बोंबलांचा भाव ठरवता ठरवता त्यांची नजर टेबलावर गेली. पाटी उतरवून आत आल्या, तीनही डोलकाठ्या निरखल्या, एका दोराला करंगळीने टिचकी मारली आणि “ह्यो ढिला हाय” म्हणाल्या. होताच. मग जहाजाच्या मागच्या अंगाला वाकून बघत म्हणाल्या,

“काका, येचं मशीन कुठंशी लावनार?”

मी हसलो, पण नंतर हसू आलं नाही. कटी सार्क पाण्यात सोडलं २२ नोव्हेंबर १८६९ ला. त्याच्या पाचच दिवस आधी, १७ तारखेला, सुएझचा कालवा उघडला. आगबोटींचा रस्ता हजारो मैलांनी कमी झाला, आणि शिडाच्या जहाजांना त्या कालव्यातून काही नीट जाता येईना. जगातलं एक उत्तम चहाचं जहाज जन्माला आलं तेव्हा त्याचा धंदा बुडायला लागून पाच दिवस झाले होते. पुढे बिचाऱ्याने ऑस्ट्रेलियाहून लोकर वाहिली. मशीन कुठे लावणार हा प्रश्न त्याच्या मालकाला मावशींनी वेळेवर विचारायला हवा होता.

गणपती आले. ‘हं, हं’ला जागून मी मंडपाखाली वही घेऊन उभा. वीसेक वर्षांचा एक पोरगा उभ्या बांबूवर पाय गुंडाळून बसला होता. कानाला खांद्याने फोन दाबलेला, कुणाची तरी समजूत काढणं चाललेलं. बोलता बोलता त्याने आडव्या बांबूवरून दोरी टाकली, एक वळसा, दुसरा, ओढ. क्लोव्ह हिच. निखळ क्लोव्ह हिच. दोन सेकंद. मी खालून मोजत राहिलो. दिवसभरात त्याने माझ्या सहा महिन्यांएवढ्या गाठी मारल्या असतील. संध्याकाळी त्याला चहा पाजून विचारलं, ही गाठ घसरू नये म्हणून काय करतोस? त्याला प्रश्नच कळला नाही. “घसरंल कशी?” म्हणाला.

दिवाळीत जहाज पुरं झालं. शेवटची खुंटी, तिच्यावर दोराचं छोटंसं वेटोळं. मी मागे सरून डोळे भरून पाहिलं, आणि तिथेच दिसलं. मधल्या डोलकाठीच्या डाव्या बाजूचा एक पिवळट दोर तणाव्यांच्या बाहेरून यायला हवा, तो आतून आला होता. खऱ्या जहाजावर ती काठी फिरवायला गेलं की दोर अडकणार. दुरुस्त करायचा तर नंतर बांधलेले चौदा दोर सोडायचे. चौदा. मी पुस्तिका मिटली. जहाज शोकेसवर ठेवलं, डावी बाजू भिंतीकडे करून. तेहतीस वर्षं अशा कित्येक फायली मी भिंतीकडे तोंड करून ठेवल्यात. एकीनेही कधी तक्रार केली नाही.

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. “बाबा, काय सुंदर झालंय! आता दुसरी बाजू दाखव.”

“तिकडे भिंत आहे.”

“मग फिरव ना जहाज.”

“आवाज येत नाहीये. नेटवर्क गेलं वाटतं.”

“नेटवर्क चांगलं आहे हो!” स्वयंपाकघरातून हिचा आवाज.

“मी काय म्हणते बाबा,” मुलगी म्हणाली, “पोर्ट्समथला अ‍ॅडमिरल नेल्सनचं युद्धजहाज ‘व्हिक्टरी’ आहे ना, त्याचंही किट मिळतं. एकशे चार तोफा. आणि दोर माहितीये किती? २६ मैल!”

मी फोन ठेवून दिला. मिशी आत्ता कुठे परत आली आहे.